रांगत्या मुलाचे खेळणे आणि सावंतवाडीची लाख

मूल उताणे निजून हातपाय झाडीत असते तोवर त्याच्या खेळण्याची चिंता घरात कोणाला फारशी पडत नाही. पाळण्यावर एखादे चिमणाळे टांगले, त्यातले लाकडी राघू वाऱ्याने हलू लागले, की बाळाची दृष्टी त्यांवर खिळते आणि घरची माणसे आपापल्या उद्योगाला लागतात. परंतु तेच मूल पालथे पडून पुढे सरकू लागले, बसते झाले, आणि हाती येईल ती वस्तू प्रथम तोंडात घालून तिची परीक्षा करू लागले, म्हणजे खेळणे ही नुसती पाहण्याची वस्तू न राहता चोखण्याची, चावण्याची आणि आपटण्याची वस्तू होते, व ते निवडणाऱ्याच्या शिरावर एक निराळीच जबाबदारी येऊन पडते.

ही जबाबदारी आपल्या प्राचीन वैद्यांनी पुरती ओळखली होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागृह, धात्री आणि कुमारागार यांचे विवेचन चालले असता खेळण्यांचाही विषय येतो, आणि ती चित्रविचित्र, आवाज करणारी व मनोहर असावीत एवढे सांगून ग्रंथकार लगेच निषेधांकडे वळतो: ती जड नसावीत, त्यांची टोके तीक्ष्ण नसावीत, ती तोंडात शिरण्याजोगी नसावीत, प्राणावर बेतणारी नसावीत आणि भय घालणारी नसावीत. आठ अटींपैकी पाच निषेधाच्या, यावरूनच ही यादी करणाऱ्याने रांगते मूल जवळून पाहिले होते, याविषयी माझ्या मनात शंका उरत नाही. तेथेच, रडणाऱ्या किंवा न जेवणाऱ्या मुलाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असेही बजावले आहे. बागुलबुवाच्या धाकावर पिढ्यान्‌पिढ्या मुलांना घास भरविणाऱ्या आपल्या समाजाने चरकाचा हा उपदेश मात्र साफ कानाआड केला.

पुढे वाग्भट या वैद्याने हाच विषय अधिक नेमका केला. त्याच्या मते मुलाचे खेळणे लाखेचे असावे, त्याला आवाज असावा, ते रंगीत, रमविणारे, न भिवविणारे आणि बोथट असावे, आकाराने मोठे असावे, आणि त्याला रूप द्यावयाचे ते गाय, घोडा अशा प्राण्यांचे अथवा फळाचे द्यावे. ‘मोठे’ या एका शब्दात चरकाची तोंडात न शिरण्याची अट सामावली आहे हे उघड आहे. परंतु लाखेचा उल्लेख आणि फळाचा उल्लेख वाचताना कोकणच्या माणसाचे मन लाखेची खेळणी आणि लाकडी फळे करणाऱ्या सावंतवाडीकडे धावल्यावाचून राहत नाही. त्या गावच्या चितारी मंडळींनी वाग्भट वाचला असेल असे मी मुळीच सुचवीत नाही. लाख पाण्याने किंवा लाळेने विरघळत नाही, तिचा थर गुळगुळीत बसतो व लाकडाचे कूस झाकतो, या गोष्टी जशा वैद्याला कळल्या तशाच कारागिराला कळल्या, आणि दोघेही आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

सावंतवाडीच्या चितार आळीतला हा धंदा ज्या लाकडावर उभा राहिला ते पांगाऱ्याचे लाकूड सुतारकीच्या दृष्टीने अगदीच कमअस्सल: मऊ, भुसभुशीत, ना तुळईच्या कामाचे ना दाराच्या. कोकणात पांगारा लावतात तो कुंपणाला किंवा वेल चढवावयाला, आणि फाल्गुनाच्या सुमारास तांबड्याभडक फुलांनी तो डवरला म्हणजे तेवढ्यापुरते त्याचे कौतुक होते. परंतु त्याचा हलकेपणा हा अन्यत्र दोष असला तरी लहान मुलाच्या मुठीत गुण ठरतो; स्वतःच्याच कपाळावर खुळखुळा आपटून घेणारे मूल ज्याने पाहिले आहे त्याला ‘जड नसावे’ या अटीचे मर्म सांगावे लागत नाही.

कातकामाची रीत पाहण्यासारखी असे. लाकडाचा ठोकळा दोन सुळांच्या मध्ये धरून दोरी गुंडाळलेल्या कमानीने त्याला गरगर फिरवावयाचे, पटाशीने कातून गोलाई आणावयाची, आणि ठोकळा फिरत असतानाच रंग मिसळून वळलेली लाखेची कांडी त्यावर दाबून धरावयाची. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर पसरत जाते, तिला वेगळ्या विस्तवाची किंवा कुंचल्याची गरज पडत नाही. मग वाळलेल्या केवड्याच्या पानाने तोच थर फिरता फिरता घासला, की त्यावर झळाळी चढते. एका रंगाशेजारी दुसऱ्या रंगाचे वलय काढावयाचे ते कांडी बदलून, आणि दोन वलयांची सीमा सरळ येणे हे सर्वस्वी हाताच्या सवयीवर अवलंबून. अशा रीतीने खुळखुळे, चोखण्या, भोवरे आणि पुढे भातुकलीची पोळपाट-लाटणी तयार होत. पांगुळगाडा मात्र सुताराच्या हातचा. त्याला मजबुती लागते आणि तेथे पांगाऱ्याचे काही चालत नाही.

राजाश्रयाचा इतिहास सांगताना मात्र जपून बोलले पाहिजे. सावंतवाडी संस्थानचे राजे तिसरे खेम सावंत यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत (१७५५ ते १८०३) तेथे कलांना उत्तेजन मिळाले आणि गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगविलेल्या खेळाच्या पत्त्यांचे, काम भरभराटीस आले, असे परंपरा सांगते. तथापि दरबारची मेहेरनजर होती ती गंजिफांवर. मराठी राज्यव्यवहारातील अठरा कारखान्यांची यादी चाळावी: जामदारखाना आहे, फरासखाना आहे, उंटांचा उष्टरखाना आहे, सरबतांसाठी शरबतखानाही आहे, मुलांच्या खेळण्यांचा कारखाना नाही. एकशेवीस पानांची दशावतारी गंजिफा रंगविणारी आळीच सणावारी, जत्रेच्या दिवसांत खुळखुळेही करी. दरबारचा मान पहिल्या कामाला, जत्रेतले दोन पैसे दुसऱ्याला. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरने या संस्थानच्या हुन्नरांची नोंद करताना जर-कशिदा, वाळ्याचे पंखे व पेट्या, लाखेची खेळणी, गंजिफा आणि शिंगाच्या कोरीव दिवाणखानी वस्तू एका दमात उल्लेखिल्या आहेत. या रांगेत शिरलेले खेळणे पुढे दिवाणखान्यातच जाऊन बसावे, यात नवल ते कोणते!

जुन्या कामाचा गौरव करताना त्यातला दोष लपविणेही बरे नव्हे. हिंदुस्थानातील लाखकामात पिवळ्या रंगासाठी हरताळ आणि लाल रंगासाठी हिंगूळ वापरीत. पहिल्यात सोमल, दुसऱ्यात पारा. लाखेच्या थरात ही द्रव्ये पुष्कळशी कोंडलेली राहत हे खरे, परंतु दात येत असलेले मूल त्या थराशी दिवसभर झटत असते, आणि ‘प्राणावर बेतणारी नसावीत’ ही चरकाची अट त्या झळाळत्या पिवळ्या वलयाने तंतोतंत पाळली असेल असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्यानंतर परदेशी माल आला. पत्र्याच्या खुळखुळ्यांच्या कडा बोटे कापीत. सेल्युलॉइड अमेरिकेत १८७० च्या सुमारास निघाले आणि त्याच्या हलक्या, गोऱ्या, गुलाबी गालांच्या बाहुल्या पहिल्या महायुद्धानंतर जपानहून गावोगावच्या बाजारांत पोहोचल्या. त्या स्वस्त होत्या, धुता येत होत्या, पण चिमटल्या तर तडकत आणि ठिणगी पडली तर भडकत. चुलीपाशी रांगणाऱ्या मुलाच्या हाती देण्याला यापरती अयोग्य वस्तू शोधूनही सापडली नसती. तरीही त्या खपल्या, कारण त्या पसंत करणाराचा डोळा मोठ्या माणसाचा होता.

हाच डोळा सावंतवाडीच्या फळांवरही पडला. लाकडी आंबा, केळे, सीताफळ, फणस यांना कातकाम पुरत नाही. ती कोरावी लागतात आणि कुंचल्याने रंगवावी लागतात. हुबेहूबपणाची वाहवा जशी वाढली तशी डागांच्या छटा, देठाचा वाळकेपणा यांवर कारागिराचे सारे लक्ष गेले, लाखेची जागा तैलरंगाने व रोगणाने घेतली, आणि वाग्भटाने मुलाच्या हाती देण्यास सांगितलेले फळ काचेच्या कपाटात परडीत मांडले गेले. १९७० च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून मरू घातलेली गंजिफा वाचविली, त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु त्या जीर्णोद्धारातही संग्राहकाची आवड पुढे होती, तान्ह्यांना कोणी विचारले नव्हते.

मुलालाच निवडू देण्याचा एक प्रसंग आपल्या संस्कारांत आहे, आणि त्याचा एक जुना पुरावा कोकणातलाच आहे. बाराव्या शतकातील शिलाहार राजा अपरादित्य याच्या नावावर असलेल्या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेत मार्कंडेयाचे वचन घेऊन सांगितले आहे की, अन्नप्राशनानंतर मुलापुढे शिल्पाची साधने, शस्त्रे, ग्रंथ अशा वस्तू मांडाव्या आणि ते प्रथम जिला स्पर्श करील तीवरून त्याची उपजीविका ओळखावी. विधीचा हेतू भविष्यकथनाचा. तरीपण मोठी माणसे हात आखडून बसली आहेत आणि सहा महिन्यांचे मूल आपल्या मनाने सरकत एका वस्तूकडे निघाले आहे, असा तो एकुलता एक मुहूर्त. वस्तूंत शस्त्रेही असत, हे पाहून चरकाने काय म्हटले असते कोण जाणे.

आता खेळण्यांची निवड सरकारने कायद्याच्या चौकटीत बसविली आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले, आणि तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पुरता मावता कामा नये असा दंडक आहे. वाग्भटाच्या ‘मोठे’ या शब्दाला अखेर माप मिळाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना मात्र या सक्तीतून माफी आहे. आळीत बसून महिन्याला थोडका माल काढणाऱ्या कारागिराला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही, म्हणून ही माफी मला रास्त वाटते. परंतु माफीच्या कागदावर रंगाचा तपशील नसतो. सावंतवाडीच्या पेठेत रांगत्या मुलासाठी काही घ्यावयाचे झाले तर कातीव खुळखुळा आणि रंगविलेला आंबा यांपैकी कशावर लाख आहे व कशावर तैलरंग, आणि लाखेत रंग कोणता घातला आहे, हे गिऱ्हाइकाने दुकानदाराला स्वतःच विचारून घ्यावे लागते.