घर चालवण्यापासून घर तपासण्यापर्यंत

मुंबईत जुहूला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे जे आवार आहे, त्यात गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे आणि स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्रही आहे. एकीकडे आहार, वस्त्रे, बालसंगोपन यांचे शास्त्र शिकवले जाते. दुसरीकडे विचारले जाते, की घर कोणाच्या श्रमावर चालते, त्या श्रमाची नोंद कुठे होते आणि राबणारीच्या हाती निर्णय किती असतात. एकाच संस्थेने ही दोन्ही कामे कशी अंगावर घेतली, हे समजून घ्यायचे तर सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जायला हवे.

शारदा सदन आणि त्यानंतर

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई जोशी. रमाबाई १८८३ मध्येच इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. तरीही न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी प्रार्थना समाजातली वजनदार माणसे सदनाच्या पाठीशी उभी राहिली. पुढे सदन पुण्याला हलले. मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात असल्याचा गवगवा झाला, ‘केसरी’ने तोफ डागली आणि १८९३ मध्ये या सल्लागारांनी अंग काढून घेतले. विधवांना शिकवायला सगळे तयार होते. पण शिकलेली विधवा धर्माबाबत स्वतःचे मत बनवू लागली, तर काय करायचे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

त्याच वर्षी ११ मार्चलाच फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे विधुर प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुण्यात पुनर्विवाह केला. गोदूबाईंचे भाऊ नरहरपंत हे कर्व्यांचे स्नेही. लग्नानंतर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या ‘बाया’. कर्व्यांच्या मुरुड गावाने जोडप्यावर बहिष्कार टाकला. घरच्या माणसांनाही त्याची झळ बसली.

१४ जून १८९६ रोजी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. रमाबाईंच्या संस्थेवरून उठलेले वादळ ताजे होते. त्यामुळे आपला आश्रम हिंदू चालीरीतींच्या चौकटीतच चालेल, ही हमी त्यांना समाजाला द्यावी लागली. लग्नाच्या वर्षीच विधवाविवाहाला उत्तेजन देणारे मंडळ काढणारे कर्वे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, आता त्या चळवळीच्या कामातून बाजूला झाले. मुलीच्या आईबापांना वाटायला नको, की आश्रमात घातलेल्या लेकीचे परस्पर लग्न लावतील. सनातनी पुण्यात पैशाला पैसा जोडून संस्था उभी करायची होती, हे त्यामागचे साधे गणित.

हिंगण्याची झोपडी

प्लेगने पुणे ओस पडू लागले, तेव्हा गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगण्याला जागा दिली. १९०० मध्ये आश्रम तिथे गेला. आजचे कर्वेनगर ते हेच, पण तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. कॉलेजचे तास आटोपले की अण्णा चार मैल चालत हिंगण्याला जात, जाताना आश्रमाला लागणारे सामानसुमानही नेत, आणि संध्याकाळी मुलींना शिकवत. पावसाळ्यात चिखल तुडवत जावे लागे.

बायांच्या धाकट्या बहिणीचा, पार्वतीबाई आठवले यांचा या उभारणीत मोठा वाटा आहे. त्याही विधवा होत्या. आश्रमाची देखरेख त्यांनी केलीच, शिवाय गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत मजल मारली. त्यांनी केशवपनाची रीत बरीच वर्षे पाळली. सुधारणेच्या कामासाठी रूढीचा पोशाख पांघरायचा, हा त्या काळचा व्यवहार होता. म्हाताऱ्या दात्यांच्या ओसरीवर त्यांचा शब्द ऐकला जाई, त्याला या पोशाखाची मदत झालीच असणार.

बायांच्या वाट्याला मात्र उलटे आले. त्यांचा पुनर्विवाह झालेला, त्यामुळे आश्रमाच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी तिथून जरा दूरच राहावे, असा प्रसंग आला. नवरा विधवांसाठी रोज चार मैल चालतो आणि एके काळची विधवा घरी मुलेबाळे, आला-गेला आणि महिनाअखेर सांभाळते. अण्णांची मिळकतच काय, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे झाली. बायांचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन १९४४ मध्ये आले. घरखर्चाची ती ओढाताण त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली आहे. पुस्तकात नवऱ्याच्या कामाविषयी आदर आहे, पण संसाराचे बिल कोणी भरले, हेही आहे.

आश्रमाची दुसरी मर्यादाही सांगायला हवी. आरंभीची बरीच वर्षे त्याची दारे उच्चवर्णीय विधवांनाच उघडी होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यातच शूद्रातिशूद्रांच्या मुलींना शिकवले होते आणि १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. ते उदाहरण डोळ्यांपुढे असताना हिंगण्याचा मार्ग अरुंद होता. अण्णांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला तो १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. उशीर झाला खरा, पण त्या वयात माणसे सहसा मते बदलत नाहीत, हेही तितकेच खरे.

जपानचे पुस्तक, ठाकरसींची देणगी

१९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले आणि पाठोपाठ आजीव सेवक घडवणारा निष्काम कर्म मठ. तोक्योत १९०१ मध्ये सुरू झालेल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली होती. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, तेव्हा त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना जाहीरपणे मांडली. ३ जून १९१६ रोजी विद्यापीठ सुरू झाले. डॉ. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू आणि कॉलेजात विद्यार्थिनी पाच. ज्यांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून रोष ओढवून घेतला होता, त्या भांडारकरांकडे हे पद जाणे रास्तच होते.

या विद्यापीठाचा पाया काय होता? शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजी हा विषय सक्तीचा. गांधीजींना हे पटले नाही, तरी त्यांनी कामाला पाठिंबा दिला. आणि अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र, आरोग्य, बालमानस यांना मानाचे स्थान. पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. स्त्रियांचे बहुतेक आयुष्य घरात जाणार, तेव्हा शिक्षण त्या आयुष्याला उपयोगी पडावे, असा अण्णांचा विचार. पुरुषांचाच अभ्यासक्रम स्त्रियांना लावू नये, हे ते आग्रहाने मांडत. मुलींनी मुलांच्या बरोबरीने गणित-विज्ञान शिकावे असे मानणारे त्या वेळीही होते, त्यांना हे मागे नेणारे वाटले. आज वाचताना दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते. मातृभाषेमुळे ज्या मुलींना कॉलेजचे तोंडही दिसले नसते त्या शिकल्या. पण घर हे स्त्रीचे काम आहे, हे गृहीत त्या अभ्यासक्रमात इतके पक्के बसले होते, की त्याविषयी प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. जपानच्या प्रवासात त्यांनी तिथले महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला मिळाले आणि १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला आले. पदवीला सरकारी मान्यता नसल्याने नोकरीच्या बाजारात या पदवीधरांना अडचणी येत. स्वातंत्र्यानंतर कायदा झाला, १९५१ पासून विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला आणि लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या. १९५८ मध्ये अण्णा भारतरत्न झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाची १०४ वर्षे पुरी करून, ते गेले.

१९७४: प्रश्नाची दिशा बदलते

विद्यापीठाच्या वाटचालीतले सर्वांत मोठे वळण १९७४ सालचे. त्या वर्षी केंद्र सरकारच्या समितीचा स्त्रियांच्या स्थितीविषयीचा ‘समानतेकडे’ हा अहवाल तयार झाला आणि शिक्षण वाढूनही स्त्रियांची स्थिती अनेक बाबतींत खालावल्याचे त्यातून दिसले. त्याच वर्षी समाजशास्त्राच्या प्राध्यापिका नीरा देसाई यांनी विद्यापीठात स्त्रियांविषयीच्या संशोधनाचा विभाग सुरू केला. भारतातले असे हे पहिले केंद्र. नीराबेन १९५४ पासून इथे शिकवत होत्या आणि आधुनिक भारतातल्या स्त्रीवरचे त्यांचे पुस्तक १९५७ मध्येच आले होते.

एप्रिल १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली. तिच्यातूनच पुढच्या वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना उभी राहिली. परिषदेतली महत्त्वाची भूमिका अशी, की स्त्रियांचा विषय वेगळा काढून एका कोपऱ्यात ठेवायचा नाही. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र या सगळ्यांची उलटतपासणी त्याच्या आधाराने करायची.

घराचा नंबर त्यात लागणारच होता. केंद्राच्या संचालक झालेल्या मैत्रेयी कृष्णराज अर्थशास्त्राच्या. अर्थशास्त्रात कुटुंब हे एकच एकक धरण्याची सवय होती: मिळकत एक, खर्च एक, हित एक. पण एकाच छपराखाली ताटातले अन्न, औषधपाणी, शाळेची फी आणि विश्रांती सारखी वाटली जात नाही, हे कोणत्याही सुनेला ठाऊक असते. शास्त्राला ते मान्य करायला फार वेळ लागला. १९८९ मध्ये कृष्णराज आणि करुणा चानना यांनी कुटुंबाच्या अंतर्गत व्यवहारावरचा संशोधन-ग्रंथ संपादित केला. गृहजीवनशास्त्राने आतून सजवलेल्या घराचे दार आता बाहेरूनही ठोठावले जाऊ लागले.

सुधारकांच्या घरात

पुढे केंद्राची धुरा मीरा कोसंबींकडे आली. गोव्यातून बाहेर पडून बौद्ध विद्येचे पंडित झालेल्या धर्मानंदांची ही नात. त्यांनी पंडिता रमाबाईंचे लेखन इंग्रजी वाचकांपुढे आणले आणि रमाबाईंना धर्मांतराच्या वादातून सोडवून विचारवंत म्हणून वाचायला लावले. उमा चक्रवर्ती यांनीही १९९८ मध्ये रमाबाईंच्या निमित्ताने पेशवाईपासूनची जात, वैधव्य आणि राज्यसत्ता यांची गुंतागुंत उकलली. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विस्मरणात गेलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे १९७५ मध्ये स. गं. मालशे यांच्यामुळे पुन्हा वाचकांपुढे आल्या होत्या. त्यांच्यावरही आता नव्याने लिहिले जाऊ लागले.

या अभ्यासाने सुधारकांचे चरित्र त्यांच्या भाषणांबरोबर त्यांच्या माजघरातूनही वाचायला सुरुवात केली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी (या पंडिता रमाबाई नव्हेत) लग्न केले. त्याच रमाबाईंना त्यांनी शिकवले, आणि घरातल्या बायकांचा जाच सोसत त्या शिकल्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. कर्व्यांच्या घरातला दाखला तर याहून बोलका आहे. अण्णांच्या सूनबाई इरावती कर्वे १९३० च्या दशकात याच विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या. नातेसंस्थेचा अभ्यास हा त्यांचा हातखंडा. त्यांनी अण्णांवर लिहिताना, त्यांची सून असल्याचा अभिमान सांगितला आणि बायको नव्हते हे बरेच, असेही सुचवले. एका वाक्यात सत्कारही आणि लेखापरीक्षणही!

काहींना हे सगळे दोष काढणे वाटते. मला तसे वाटत नाही. ज्यांच्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालायचा, त्यांच्याकडून शिकण्यासारखे फारसे उरत नाही. बायांचे आत्मकथन बाजूला ठेवून अण्णांचे ‘आत्मवृत्त’ वाचले, तर त्याग दिसतो, त्या त्यागाची वाटणी दिसत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचायची सवय त्यांच्याच विद्यापीठातल्या केंद्राने लावली, याला मी संस्थेच्या श्रेयात धरतो.

पुढचे काम

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाने घरातल्या बिनपगारी कामाचा आकडाच हाती दिला. असे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या. करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही अशा कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष अवघे २६. मुली पदवीधर झाल्या, इंजिनियर झाल्या, खुद्द हिंगण्याच्या आवारात मुलींचे अभियांत्रिकी कॉलेज आहे. पण सकाळचे डबे कोण भरते, या प्रश्नाचे उत्तर फारसे हललेले नाही.

हिंगण्याच्या आश्रमाने विधवेला घराबाहेर पाऊल टाकायला जागा दिली. विद्यापीठाने मुलींना पदवी दिली. संशोधन केंद्राने घराच्या आतला हिशेब उघडा केला. आता उरलेले काम एकट्या महिला विद्यापीठाच्या आवाक्यातले नाही. गृहजीवनाला शास्त्राचा दर्जा देऊन ते कॉलेजात शिकवावे, हा अण्णांचा आग्रह योग्यच होता. पण त्यांनी ते शास्त्र निम्म्याच वर्गाला शिकवले. स्वयंपाक, लहान मुलांचे संगोपन, आजाऱ्याची शुश्रूषा, महिन्याचा खर्च हे विषय आता मुलांच्या वेळापत्रकात यायला हवेत, गुणांसह आणि सक्तीने, जसे एके काळी इंग्रजी सक्तीचे केले होते.