अमानत : तांग्यापासून स्कूलबसपर्यंत

माझ्या अब्बांची शाळा पाचवीत सुटली. त्यानंतर मोठेपणी तीसेक वर्षं ते रोज शाळेच्या फाटकापर्यंत जात राहिले, दुसऱ्यांची मुलं पोचवायला. आधी रिक्षातून, 1998 पासून स्कूलबसमधून. त्यांच्या आधी माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सोलापुरात विजापूर वेशीजवळ तांगा चालवत. आता मोठा भाऊ बस चालवतो. घरातला मी पहिलाच, ज्याने कॉलेज पूर्ण केलं. म्हणून हा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, असं समजतो.

दादांच्या काळात शाळकरी मुलांच्या वाहतुकीसाठी वेगळा कायदा नव्हता. तांग्यांसाठी मुंबई इलाख्याचा 1920 चा सार्वजनिक वाहनांचा कायदा होता. परवाना आणि बिल्ला लागायचा, एवढंच दादांना ठाऊक. मुलांची ने-आण महिन्याच्या बोलीवर ठरायची. दादांचा एक नियम मात्र पक्का होता : तांग्यात मुलं असली की वाटेत दुसरी सवारी घ्यायची नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही. "पोरं अमानत आहेत," ते म्हणत. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. ती जशीच्या तशी परत करावी लागते.

रिक्षा वाढल्या तसे तांगे मागे पडले. दादांचा घोडा विकला गेला आणि अब्बांच्या हाती रिक्षाचं हँडल आलं. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत हेच घडलं. त्याचं कारण सरळ आहे. शिक्षण अर्धवट, ओळखपाळख नाही, नोकरी मिळत नाही, मग स्वतःच्या हातावर पोट. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात हेच आकड्यांनी मांडलं आहे. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं, आणि 6 ते 14 वयोगटातली सुमारे 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती. अब्बा याच गळतीच्या आधीच्या पिढीतले.

स्कूलबसचे नियम आले ते मुलांच्या जिवाची किंमत मोजून. 18 नोव्हेंबर 1997 ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. 28 मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर-डिसेंबरात एम. सी. मेहता खटल्यात आदेश दिले. बसवर पुढे-मागे 'स्कूल बस' लिहिलेलं हवं, खिडक्यांना आडव्या सळ्या, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचं साधन आणि वेगावर लगाम हवा. चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव ही अटही त्याच आदेशांतली. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्कूलबससाठी स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग, मदतनीस, शाळेच्या पातळीवर परिवहन समिती, हे सगळं त्यात आलं.

हे नियम हवेच होते. अब्बा स्वतः त्यांच्या बाजूने बोलत. रिक्षात दहा-दहा मुलं कोंबलेली त्यांनी पाहिली होती, कोंबलीही होती, आणि त्याची त्यांना लाज वाटे.

पण नियमांत चालकाचा दिवस दिसत नाही. पहाटे साडेचारला उठायचं. टायरची हवा, ब्रेक, डिझेल बघायचं. थंडीत फजरची अजान आणि बस काढायची वेळ जवळजवळ एकच. सकाळची शाळा सोडली की दुपारची भरायची. शुक्रवारी जुम्याच्या वेळेला नेमकी दोन्ही पाळ्यांची गर्दी, म्हणून अब्बांचा जुमा बहुतेक वेळा हुकायचा. मग उशिरा जोहर पढायचे. शेवटचं मूल उतरलं की रिकाम्या बसमध्ये मागपर्यंत जाऊन प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं. बाटली, स्वेटर, कधी डबा सापडायचा. एकदा झोपलेलं बालवाडीतलं पोर सापडलं. तेव्हापासून भावालाही त्यांनी हीच सवय लावली.

पगार दहा महिन्यांचा. मे महिन्यात शाळा बंद, तर पगारही बंद. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा मे महिना दीड वर्षाहून जास्त लांबला. 4 ऑक्टोबर 2021 ला शहरांत आठवीपासूनचे वर्ग उघडले, लहान मुलांना आणखी थांबावं लागलं. भावाने हातगाडीवर कांदे-बटाटे विकले. बस उभ्या जागी गंजत होती.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या घरात फारशी बोलली जात नाही. एकदा शहरात तणाव होता. तिसऱ्या दिवशी शाळा भरली तर एका स्टॉपवर चार मुलं कमी. त्यांतल्या एकीच्या वडिलांनी शाळेत फोन करून विचारलं होतं, चालक बदलता येईल का. अब्बांनी रोजच्याप्रमाणे त्या स्टॉपवर दोन मिनिटं बस थांबवली. दहा-बारा दिवस रोज थांबवली. मग एका सकाळी ती मुलगी आईचा हात धरून उभी होती. "चाचा, मी आजारी होते," ती म्हणाली. अब्बा म्हणाले, "बरं झालं आलीस, बेटा. खिडकीची जागा ठेवलीय." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून वडीलही सोडायला येऊ लागले.

मी अब्बांना विचारलं होतं, राग नाही आला? ते म्हणाले, "आला ना. पण पोरीला का दाखवायचा?"

मधल्या काळात वाहतुकीचं वाहन चालवायला आठवी पासची अट आली. अब्बांचा परवाना जुना, म्हणून ते वाचले. माझ्या चुलतभावाचं मात्र बॅजचं स्वप्न तिथेच थांबलं. 2019 मध्ये केंद्राने ती अट काढली. भावकीत त्या दिवशी मिठाई वाटली गेली. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. अट काढणं सोपं होतं. त्या मुलांना आठवीपर्यंत शाळेत टिकवणं जमलं नव्हतं.

परिवहन समितीत मुख्याध्यापक असतात, पालक असतात, पोलिस असतात. बस जिथे वळत नाही तो बोळ, जिथे कुत्री अंगावर येतात तो कोपरा, कोणतं मूल घरून उपाशी येतं, हे सगळं चालकाला माहीत असतं. अब्बांना त्या बैठकीला कधीच बोलावलं गेलं नाही. भावालाही अजून नाही. तुमचं मूल बसने जात असेल तर पुढच्या पालकसभेत एवढं विचारा : चालकाला खुर्ची ठेवली आहे का? आणि मे महिन्यात त्याचं घर कसं चालतं?