शहाणं बाळ रडत नाही?

आपल्याकडे तान्ह्या मुलाचं कौतुक करायची एक ठरलेली पद्धत आहे. "किती शहाणं बाळ आहे हो, अजिबात रडत नाही!" पाळणाघरात जाणारं पोर चौथ्या-पाचव्या दिवशी रडायचं थांबलं की आपण सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगतो, "रुळला एकदाचा!" बहुतेक वेळा तो खरंच रुळलेला असतो. पण रडणं थांबणं आणि रुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ओळखायला चांगल्या चांगल्या डॉक्टरांना विसाव्या शतकाची निम्मी वर्षं लागली. त्याची ही गोष्ट.

आधी तो काळ थोडा डोळ्यांसमोर आणू या. 1928 साली जॉन वॉटसन या नामांकित अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं बालसंगोपनावरचं पुस्तक आलं. त्यातला सल्ला साधारण असा: मुलांना मांडीवर घेऊ नका, पापे घेऊ नका, अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळावर एकदा. सकाळी? सकाळी हस्तांदोलन करा! घरातल्या कुठल्याही आजीला हे वाचून दाखवा आणि तिचा चेहरा बघा. :)

पण हे वेडगळ लोकांचं मत नव्हतं, ते तेव्हाचं शास्त्र होतं. बाळाला आई आवडते कारण ती दूध देते, असं बहुतेक तज्ज्ञ धरून चालले होते. मग दूध, स्वच्छता आणि औषध दुसऱ्या कुणी दिलं तर बाळाचं काय बिघडणार?

याचा सगळ्यात कडक परिणाम दिसायचा तो इंग्लंडमधल्या रुग्णालयांत. 1949 साली लंडनच्या काही रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा छापून आल्या होत्या. गाईज रुग्णालयात मुलांना भेटायची वेळ रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाहीच, आईवडिलांनी संध्याकाळी यावं आणि झोपलेल्या मुलाला बघून जावं. तेव्हा क्षयाची किंवा हाडांच्या दुखण्याची मुलं महिनोन् महिने रुग्णालयात असत, हे लक्षात घ्या.

डॉक्टर-नर्स दुष्ट होते म्हणून असं चालायचं असं मात्र नाही. प्रतिजैविकं येण्याआधी वॉर्डात एक साथ शिरली तर मुलं पटापट जात, त्यामुळे बाहेरच्या माणसांची भीती रास्त होती. दुसरं कारण जास्त विचार करण्यासारखं आहे. नवीन मूल दाखल झालं की दोन-तीन दिवस आकांत करायचं, मग गप्प व्हायचं. पुढे आई भेटायला आली की पुन्हा रडारड. म्हणजे मुलाला त्रास कशाचा? आईच्या भेटीचा! मग भेटी कमी करा. तर्क अगदी बिनतोड वाटतो, नाही? फक्त गप्प मुलाच्या पोटात काय चाललंय, हे कुणी पाहत नव्हतं.

पाहणाऱ्यांपैकी एक होता रेने स्पिट्झ, व्हिएन्नात जन्मलेला डॉक्टर. 1940च्या दशकात त्यानं दोन ठिकाणच्या बाळांची तुलना केली. पहिलं ठिकाण अनाथालय. लख्ख स्वच्छ, चांगला आहार, डॉक्टरांची फेरी रोज. पण एका नर्सकडे आठ-दहा बाळं, आणि खाटांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या, त्यामुळे बाळाला दिसायचं ते फक्त छत. दुसरं ठिकाण चक्क तुरुंग. तिथे कैदी आया आपापल्या बाळांना स्वतः सांभाळत. अनाथालयातल्या 91 मुलांपैकी 34 दोन वर्षांत दगावली. तुरुंगातलं एकही नाही. जी जगली त्यांच्यातली बरीच वजनात, चालण्याबोलण्यात मागे पडली. स्पिट्झनं 1947 साली यावर एक मूकपट केला. त्यातली बाळं आधी रडतात, मग रडेनाशी होतात आणि नुसती एकटक बघत राहतात.

आता माझा या गोष्टीतला आवडता माणूस. जेम्स रॉबर्टसन. ग्लासगोचा, कामगार घरातला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड (सिग्मंड फ्रॉइड यांची मुलगी) हॅम्पस्टेडला बेघर झालेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत होती. रॉबर्टसनची बायको जॉइस तिथे मुलं सांभाळायची आणि हा बॉयलर सांभाळायचा. ॲनाबाईंचा एक नियम होता. मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येकानं कागदावर टिपून ठेवायचं, बॉयलरवाल्यानंसुद्धा. तिथे त्याच्या नजरेला वळण लागलं.

1948 साली त्याला जॉन बोल्बी यांनी टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये नोकरी दिली. बोल्बी मोठ्या घरचे, वडील राजदरबारी शल्यविशारद. त्या घरांच्या रीतीप्रमाणे आई दिवसातून तासभर, चहानंतर भेटायची. खरा लळा मिनी नावाच्या दाईचा, आणि ती चारेक वर्षांच्या जॉनला सोडून गेली. डॉक्टर झाल्यावर बोल्बींनी 44 चोरट्या मुलांचा अभ्यास केला. त्यातली 14 मुलं कुणाशीच जीव न लावणारी होती, आणि त्या 14 पैकी 12 जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. तेव्हा ताटातुटीचा परिणाम होतो असा त्यांचा कयास होता, आणि तो प्रत्यक्ष बघायला त्यांनी रॉबर्टसनला रुग्णालयांत पाठवलं.

रॉबर्टसन वॉर्डात बसून राहिला आणि बघत राहिला. त्याला तीन टप्पे दिसले. आधी आक्रोश, मग हताशपणा, आणि फार दिवस गेले तर तिसरा टप्पा, अलिप्तपणा. या टप्प्यातलं मूल हसतं, खातं, कुठल्याही नर्सकडे जातं. फक्त आई आली की तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघतं. वॉर्डाच्या भाषेत हे मूल "छान रुळलेलं". रॉबर्टसन म्हणू लागला, हे रुळणं नाही, यानं आशा सोडली आहे. आणि आईला पाहून जे रडतं, त्याचं नातं अजून शाबूत आहे.

कोण ऐकणार? तो डॉक्टर नव्हता. मग त्यानं सिनेकॅमेरा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा! आपण निवडून रडकं मूल दाखवलं असं कुणी म्हणू नये म्हणून मूल प्रतीक्षायादीतून चिठ्ठी काढल्यासारखं निवडलं, चित्रीकरण रोज ठरलेल्या वेळी केलं, आणि वॉर्डाचं घड्याळ दिसत राहील अशी व्यवस्था केली. निवड झाली लॉराची. वय दोन वर्षं पाच महिने, बेंबीच्या हर्नियाचं छोटं ऑपरेशन, मुक्काम आठ दिवस.

गंमत अशी की लॉरा निघाली "शहाणं बाळ". ती धाय मोकलून रडतच नाही. टेडी अस्वल छातीशी धरून बसते, मधूनच चेहरा कसानुसा होतो, हळूच आई कुठेय म्हणून विचारते आणि पुन्हा स्वतःला सावरते. आई भेटायला येते तेव्हा आधी तोंड फिरवते. काही महिन्यांनी या चित्रपटाचा थोडा भाग तिच्या नजरेला पडला. तेव्हा ती लालेलाल झाली आणि तिनं आईला रागानं विचारलं, की तेव्हा तू कुठे होतीस?

अडीच वर्षांच्या मुलीचे आठ दिवस. सगळे म्हणत होते, ती विसरून जाईल.

नोव्हेंबर 1952 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला आणि सभागृह खवळलं. ही मुलगी अपवाद आहे, हा आमच्या व्यवसायाचा अपमान आहे, चित्रपट मागे घ्या! रागावलेल्यांत डर्मॉड मॅकार्थी नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. ते ॲमरशॅमच्या आपल्या रुग्णालयात परत गेले, वॉर्डातून चालले, आणि जे रडणं त्यांनी वर्षानुवर्षं कानांआड केलं होतं ते त्यांना ऐकू यायला लागलं. पुढे तिथल्या सिस्टर आयव्ही मॉरिस यांच्या साथीनं त्यांनी आयांना मुलांजवळ राहायची मुभा दिली. रॉबर्टसननं 1958 साली दुसरा चित्रपट त्यांच्याच वॉर्डात केला, आईसोबत राहिलेल्या मुलीचा. मला स्वतःला या गोष्टीत मॅकार्थींचा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. आधी चिडून मग स्वतःच्या वॉर्डात जाऊन कान उघडणारी माणसं थोडी असतात.

1959 साली सर हॅरी प्लॅट यांच्या सरकारी समितीनं शिफारस केली की आईवडिलांना मुलांना केव्हाही भेटू द्यावं, आणि लहान मुलांच्या आयांची राहायची सोय करावी. अर्थात अहवाल आला म्हणून दारं उघडत नाहीत. 1961 साली लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी संघटना काढली आणि रुग्णालयांमागे तगादा लावला. दारं उघडत गेली, पण वर्षं लागली.

दरम्यान "दूध देते म्हणून आई" हा सिद्धांतही कोसळत होता. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी 1958 साली माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एक आई तारेची, तिला दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, रिकामी. पिल्लं तारेवर जाऊन दूध प्यायची आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून बसायची. प्रयोग क्रूर होते, आज वाचवत नाहीत. पण मुद्दा पटला.

मेरी एन्सवर्थ बोल्बींकडे असताना रॉबर्टसनची टिपणं अभ्यासत असे. पुढे युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये तिनं घरोघर जाऊन आया आणि बाळं पाहिली. तिची एक चाचणी प्रसिद्ध आहे. वर्षाचं बाळ आणि आई अनोळखी खोलीत, आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. बहुतेक बाळं आई गेल्यावर कावरीबावरी होतात आणि आल्यावर तिला बिलगून शांत होतात. काही बाळं मात्र रडत नाहीत, आई आली तरी खेळण्यातच मान घालून बसतात. किती स्वावलंबी! पण 1970च्या दशकात संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. चेहरा शांत, काळीज धडधडतंय. पुन्हा तीच लॉरा.

आणि हे सगळं कळल्यानंतरही रुमानिया घडलंच. 1989 साली चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांत गेलेल्या लोकांना आधी जाणवली ती शांतता. बाळांनी भरलेल्या खोल्या, आणि रडणं नाही. रडून कुणी येत नाही हे बाळांना कळलेलं. 2000 साली बुखारेस्टमध्ये 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला, त्यातल्या निम्म्यांना पालक-कुटुंबं मिळाली. त्या मुलांना पुन्हा लळा लागू शकला, विशेषतः दोन वर्षांच्या आत घर मिळालं त्यांना.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बोल्बींच्या 1951च्या अहवालाचा अर्थ अनेकांनी "आयांनो, नोकरी सोडा, घरी बसा" असा लावला, आणि कित्येक बायका उगाच अपराधी वाटून घेत राहिल्या. 1964 साली ग्लासगोच्या 60 बाळांचा अभ्यास आला, त्यात दिसलं की दीड वर्षाच्या बहुतेक बाळांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा असतो. बाबा, आजी, आजोबा, भावंडं. जो हाकेला ओ देतो त्याच्याकडे बाळ वळतं, मग भरवणारा तो असो वा नसो. आपल्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना हे नवीन नाही, पण नोकरी करणाऱ्या माझ्या सगळ्या भाच्या-पुतण्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आपल्या सरकारी दवाखान्यांत आई मुलाच्या खाटेपाशीच बसलेली असते, कधी खाटेखालीही झोपते. नर्सा कमी, म्हणून का होईना. पण अगदी कमी वजनाच्या नवजात बाळांचे अतिदक्षता विभाग आपल्याकडेही आयांना बाहेर ठेवत आले, जंतुसंसर्गाच्या त्याच जुन्या भीतीनं. 2021 साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेली. त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांत 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के, आधी प्रकृती स्थिरावण्याची वाट पाहिलेल्यांत 15.7 टक्के. आणि संशयित जंतुसंसर्ग? तोही आईजवळच्या बाळांत कमी. ज्या भीतीपोटी एवढी दारं बंद ठेवली, तिच्यावरचा उपाय दाराबाहेर ताटकळत उभा होता.