धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे

टेनिसचा नामांकित खेळाडू बक्षिसांच्या रकमेवर चरितार्थ चालवूं शकतो. खो-खोच्या खेळाडूस असा आधार फार काळ नव्हता. या खेळास रॅकेट लागत नाहीं, चेंडू लागत नाहीं. दोन खांब व मोकळें मैदान एवढ्यावर भागतें. म्हणून ‘गरिबांचा खेळ’ अशी त्याची प्रशंसा होते. ही प्रशंसा कितपत खरी आहे, हें सारिका काळे यांच्या चरित्रावरून ध्यानांत येतें.

सारिका या धाराशिवच्या, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबादच्या. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या या जिल्ह्यांत त्यांचें बालपण गेलें. आई शिवणकाम करी. संसाराचा भार आजी-आजोबांच्या कमाईवर असे. लहान वयांतच त्या मैदानावर आल्या व चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झाल्या. सुमारें दहा वर्षें आपणांस दिवसांतून एकदांच जेवण मिळे, असें त्यांनीं पुढें स्वतः सांगितलें. चांगला आहार मिळे तो शिबिरांत किंवा स्पर्धेच्या वेळींच.

या खेळांत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात व नववा पाठलाग करतो. बसलेल्यास ‘खो’ मिळाला कीं त्यानें क्षणार्धांत उठून धांवावयाचें. एकदां घेतलेली दिशा मध्येंच बदलावयाची नाहीं. पळणाऱ्यानें हुलकावणी देत दम टिकवावयाचा. एक वेळच्या अन्नावर असा दम कमावणें किती कठीण असेल, हें सांगावयास नको.

२०१६ सालीं गुवाहाटी येथें दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सारिका यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिला संघानें सुवर्णपदक मिळविलें. त्याच वर्षीं घरच्या आर्थिक विवंचनेमुळें त्यांनीं खेळ सोडण्याचें ठरविलें होतें; परंतु त्या मैदानावर परतल्या. २०२० मध्यें त्यांस अर्जुन पुरस्कार लाभला. १९९८ मध्यें शोभा नारायण यांस तो मिळाल्यानंतर २२ वर्षें खो-खोच्या वांट्यास हा मान आला नव्हता. त्या तुळजापूर येथें क्रीडा अधिकारी म्हणूनही रुजू झाल्या.

पुढें २०२२ सालीं पुण्यांत पुरुषांची व्यावसायिक खो-खो स्पर्धा सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस भारतीय महिलांनीं पहिला विश्वचषक जिंकला. खेळास बरे दिवस येत आहेत. तथापि साहित्यावांचून खेळ चालतो म्हणून अन्नावांचून खेळाडू घडतो, असें मात्र नव्हे. सारिका यांनीं उपास सोसून यश मिळविलें, हें त्यांचें तेज होय. पण तो उपास त्यांस सोसावा लागला, हें समाजाचें उणें होय. पुढच्या मुलीस मैदानाबरोबर दोन वेळची भाकरीही मिळाली पाहिजे.