वखारींतील वाटांचें गणित

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या अक्कलकुव्याहून मोलगीकडे घाट चढूं लागलें, कीं मोहाच्या आणि आंब्याच्या झाडांचा मुलूख सुरू होतो. मोलगीच्या बाजारांत भगर, आमचूर, मोहाचीं फुलें असा डोंगरचा माल उतरतो व तेथून व्यापाऱ्यांच्या वखारींत जातो. वखार मग तेथील असो वा मुंबईची, तिच्यांत एक कोडें रोज उभें राहतें. दहा जिनसांची याद हातांत घेऊन हमाल दाराशीं उभा आहे. जिनसा दहा ठिकाणीं ठेवलेल्या आहेत. त्यानें कोणत्या क्रमानें फिरावें, म्हणजे कमींत कमी चालून तो परत दाराशीं येईल?

प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण हिशेब करून पाहावा. दहा जिनसा घेण्याचे क्रम ३६,२८,८०० होतात. सुलट आणि उलट फेरी एकच धरली, तरी १८,१४,४०० उरतात. जिनसा वीस झाल्या, कीं ही संख्या एकावर अठरा शून्यें मांडून होते तिच्याही पुढें जाते. सेकंदाला दहा लक्ष फेऱ्या तपासणारें यंत्र कामाला लावलें, तरी त्यास ३८,००० हून अधिक वर्षें लागतील!

या कोड्याला गणितांत मानाचें स्थान मिळालें तें १९३० सालीं. व्हिएन्नाचे गणिती कार्ल मेंगर यांनीं तें 'निरोप्याचा प्रश्न' म्हणून मांडलें. आणि जवळचें ठिकाण आधीं गांठावें, या व्यवहारी नियमानें सर्वांत लहान फेरी मिळतेच असें नाहीं, हेंही नमूद केलें.

आपल्या देशांत याच जातीचा प्रश्न शेताच्या बांधावर उभा राहिला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं बंगालमधील तागाखालील जमीन नमुन्यानें मोजण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां मोजणीच्या खर्चाबरोबर शेतामागून शेत चालत जाण्याचा खर्चही त्यांना हिशेबांत धरावा लागला. १९४० सालच्या निबंधांत त्यांनीं जें गणित मांडलें त्याचा मथितार्थ असा, कीं एकाच मुलखांत नमुन्याचीं ठिकाणें चौपट केलीं, तरी चाल चौपट न होतां सुमारें दुप्पटच होते. वखारींत अनेक गिऱ्हाइकांच्या यादी एकत्र करून एकाच फेरींत माल काढतात, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

पुढें १९५४ सालीं अमेरिकेंत डँझिग, फुल्कर्सन व जॉन्सन यांनीं ४९ शहरांची सर्वांत लहान फेरी सिद्ध करून दाखविली. त्यांचें हत्यार होतें रेषीय नियोजन, म्हणजे अनेक मर्यादा सांभाळून खर्च कमींत कमी राखण्याचें गणित. १९७२ सालीं रिचर्ड कार्प यांनीं असल्या फेऱ्यांचे प्रश्न ज्या कुळांत नेऊन बसविले, त्या कुळासाठीं झटपट आणि अचूक अशी सर्वसामान्य रीत आजवर कोणालाही सांपडलेली नाहीं. याच कार्प यांचे बर्कली येथील शिष्य नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरीस जन्मलेल्या आणि मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेल्या या महाराष्ट्रीय गणित्यानें १९८४ सालीं रेषीय नियोजनाची नवी वेगवान रीत जगापुढें ठेवली, आणि मोठमोठ्या वाहतुकीच्या आंखणीस ती उपयोगी पडली.

परंतु वखारीचें कोडें सुटलें तें निराळ्याच बाजूनें, आणि तेंही आदल्याच वर्षीं. १९८३ सालीं रॅटलिफ आणि रोझेंथल यांनीं एवढेंच ध्यानीं घेतलें, कीं हमाल मोकळ्या मैदानांत फिरत नसतो. तो समांतर बोळांतून फिरतो, आणि बोळ बदलतो तो दोन टोकांच्या आडव्या वाटांवरच. अशा बोळाशीं शहाणपणानें वागण्याचे प्रकार मोजकेच आहेत: तो सोडून देणें, एका टोकानें शिरून दुसऱ्यानें निघणें, शिरल्या टोकानेंच परतणें, दोन्ही टोकांनीं आंत डोकावून मधला सर्वांत मोठा रिकामा भाग टाळणें, आणि क्वचित् सबंध बोळ जातां-येतां दोनदां तुडविणें. एका कडेपासून एकेक बोळ घ्यावा, आणि आतांपर्यंतच्या हिशेबांतील उत्तम तेवढेंच जवळ ठेवावें. मग बोळ दुप्पट झाले, तर आकडेमोडही दुप्पटच होते. जागेचा आकार ओळखल्याबरोबर अशक्य वाटणारें काम हातांत आलें!

आमच्या सातपुड्यालाही हाच धडा लागू आहे. जेथें रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे फुटतात आणि पाड्यापाशीं संपतात, तेथें सरकारी गोदामांतून धान्य घेऊन निघालेल्या गाडीला प्रत्येक फांदी जातां-येतां दोनदां तुडवावीच लागते. तेथें क्रमाचें चातुर्य फारसें कामाचें नाहीं. विचार करावयाचा तो एका खेपेस किती भार न्यावा आणि साठा कोठें उतरवावा, याचा. शहरासाठीं केलेली आंखणी डोंगरावर जशीच्या तशी नेऊन चालत नाहीं.

श्रोतेहो, शेवटीं एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. भिवंडीच्या प्रचंड गोदामांकडे पाहा. असल्या ठिकाणीं पुढची फळी कोणती, हें आतां कामगाराच्या हातांतील यंत्र सांगूं लागलें आहे. फेरीमागें शंभर पावलें वांचलीं, तर त्यांचें काय करावयाचें? तीं कामगाराच्या विसाव्याला द्यावयाचीं, कीं त्याच तासांत आणखी एक याद त्याच्या हातीं ठेवावयाची? हें गणित अंतर मोजतें. थकवा मोजीत नाहीं. १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी व हमाल कामगारांसाठीं कायदा केला, तो ओझें वाहणाऱ्याच्या बाजूचाही हिशेब व्हावा म्हणूनच. वांचलेल्या पावलांची वांटणी यंत्र ठरवीत नसतें. ती मालक, कामगार आणि कायदा यांनीं मिळून ठरवावयाची असते, आणि घरबसल्या माल मागविणारे आपणही तींतून सुटलेले नाहीं.