अस्तनी, खिसा आणि घरची शिलाई

तयार कपडा शिलाईच्या पैशांपेक्षा स्वस्त मिळत असेल, तर घरी कशाला शिवायचा? हा प्रश्न आता घरोघरी ऐकू येतो. आमची तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर. सोलापूरचा बाजार जवळ, त्यामुळे इथे तो जास्तच ऐकू येतो. सध्या मी लेकीसाठी ईदचा कुडता शिवते आहे. "अम्मी, रेडिमेडच आणू या ना," असे तिने दोनदा सुचवून झाले. तिचे म्हणणे रास्त आहे. मुंढा कापून झाला तरी माझीही शंका फिटलेली नाही. म्हणून या शंकेचा इतिहास थोडा उलगडून पाहावासा वाटला.

मुळात कपडा शिवलेलाच हवा, असे आपल्या मुलखात कधी नव्हते. धोतर, उपरणे, पागोटे, लुगडे ही सगळी बिनशिलाईची वस्त्रे. हजला जाणाऱ्या पुरुषाचा इहराम म्हणजेही न शिवलेली दोन कापडे. म्हणून शिलाई आपल्याला ठाऊकच नव्हती असे मात्र नाही. सुई, कात्री, शिवणे हे शब्द संस्कृतातून आलेले, जुने आहेत. लुगड्याखालची चोळी शिवलेलीच असे. पण अंगभर शिवलेल्या कपड्यांची रेलचेल दख्खनच्या सुलतानी काळात, दरबार आणि लष्कराबरोबर वाढली. त्याची खूण भाषेत राहिली आहे. अस्तर, अस्तनी, पैरण, पायजमा हे शब्द फारसीतून आले. खिसा अरबी 'कीसा'वरून आला. काज पोर्तुगीज 'कासा'वरून आला. कासा म्हणजे घर, आणि काज म्हणजे बटणाचे घर! बटण अडकवलेल्या एका सदऱ्यात इतक्या भाषा नांदतात, हे वर्गात सांगितले की मुले स्वतःच्या खिशात हात घालून पाहतात. कारागिरांचेही तसेच. शिंपी समाज संत नामदेवांचे नाव सांगतो. मुस्लिम दर्जी स्वतःला इदरीसी म्हणवतात, कारण पहिला कपडा हजरत इदरीस यांनी शिवला अशी परंपरा आहे.

मग यंत्र आले, आणि त्याबरोबर पहिली मोठी शंकाही. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने लष्करी गणवेश शिवायला यंत्रे बसवली. आपली रोटी जाणार या भीतीने १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. पुढे अमेरिकेत एलियास हॉव यांना १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये पेटंट मिळाले. हप्त्यांवर यंत्र देण्याची सिंगर कंपनीची पद्धत जगभर गेली. हिंदुस्थानात कंपनीचा व्यवहार नसरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी अनेक वर्षे सांभाळला. १९३० च्या दशकात कलकत्त्यात देशी 'उषा' तयार होऊ लागली. यंत्रांवर कडाडून टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संवादात शिलाई यंत्राला अपवाद मानले. बायकोचे कष्ट कमी व्हावेत म्हणून सिंगर यांनी ते घडवले, असे त्यांना वाटत होते. सिंगर यांचे चरित्र काही इतके प्रेमळ नव्हते. पण एका बाईचे डोळे आणि पाठ वाचावी, ही गांधीजींची कसोटी मला आजही मोलाची वाटते.

आमच्या भागाचा हिशेब जरा निराळा. १९४८ पर्यंत तामलवाडी निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झालेली, कापड हाकेच्या अंतरावर. पण मधे राज्याची हद्द होती. निजामाचे करोडगिरी खाते मालावर शेकडा पाच कर घेई. नाणेही वेगळे: सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार मिळत. त्यात महायुद्धाची टंचाई आली, आणि १९४३ मध्ये इंग्रज सरकारने कापडावर नियंत्रण आणले. अशा दिवसांत कापड मोलाचे आणि बाईची मेहनत बिनमोलाची. मोठ्याचा सदरा विटला की त्यातून लहानाचे अंगडे निघे, तेही फाटले की वाकळेत जाई. घरी शिवणे ही हौस नव्हती, तो काटकसरीचा हिशेब होता. फक्त त्या हिशेबात शिवणारीची मजुरी कोणी धरत नसे.

शिक्षणानेही आधी हीच वाट धरली. डिप्टी नजीर अहमद यांच्या 'मिरातुल उरूस' (१८६९) या कादंबरीत सुगरण असगरी आणि अव्यवस्थित अकबरी या दोन बहिणी आहेत, आणि हुन्नर हा असगरीचा मोठा गुण. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात (१९०९) शिवणकामाचे वर्ग चालत. एकीकडे गृहिणीचे भूषण, दुसरीकडे विधवेला पोटापाण्याचा आधार. सुई तीच, पण तिच्या कामाला पैसे मिळू लागले की बाईचे घरातले स्थानही बदलते.

आणि आज? २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने शाळांना कापड पुरवून बचत गटांतल्या महिलांकडून गणवेश शिवून घ्यायचे ठरवले. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले, मापांच्या तक्रारी आल्या, आणि गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. त्या चर्चेत उशीर दिसला, मापे दिसली. एका गणवेशाला किती तास लागतात, हे क्वचितच कोणी विचारले.

इथे माझी शंका मला वेगळी दिसू लागते. कापड मऊ असते, सरकते, दुमडते. त्यामुळे इतकी यंत्रे आली तरी बहुतेक शिवणीवर आजही कोणाचा तरी हात असतो. रेडिमेड म्हणजे हाताविना झालेले नव्हे. तो हात आपल्याला दिसत नाही, एवढेच. पूर्वी घरच्या बाईची मेहनत हिशेबात नसे. आता दूरच्या बाईची मेहनत किमतीत जेमतेम दिसते.

म्हणून लेकीला मी इतकेच म्हणेन: घरचा कुडता गरजेचा नाही, हे खरे. बाजारातला घे, आनंदाने घे. पण एक अस्तनी तरी स्वतः जोडून बघ. मुंढ्यात कापड बसवताना किती वेळा उसवावे लागते ते कळले, की दर्ज्याने सांगितलेल्या शिलाईवर घासाघीस करताना जीभ जरा अडखळेल.