वाचनाच्या तासाला नकाशा

साहित्याच्या तासाला पडद्यावर नकाशा उघडणे आता नवलाचे राहिलेले नाही. 2004 मध्ये गूगलने कीहोल नावाची कंपनी विकत घेतली, पुढच्या वर्षी जूनमध्ये गूगल अर्थ सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात कॅलिफोर्नियातले इंग्रजीचे शिक्षक जेरोम बर्ग यांनी ‘गूगल लिट ट्रिप्स’ हा उपक्रम सुरू केला. योजना साधी होती. कादंबरीतली पात्रे ज्या गावांतून जातात तिथे नकाशावर खुणा करायच्या, प्रत्येक खुणेपाशी थोडी माहिती आणि वाचताना विचार करायला लावणारे प्रश्न ठेवायचे आणि ती फाइल इतर शिक्षकांना वापरू द्यायची. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या 1939 च्या कादंबरीतले जोड कुटुंब ओक्लाहोमातून 66 क्रमांकाच्या हमरस्त्याने कॅलिफोर्नियाला जाते. तो सगळा रस्ता मुलांना वरून पाहता येऊ लागला. त्यामुळे नकाशा लावून साहित्य शिकवणे ही संगणकाचीच देणगी आहे, असा समज पसरला. इतिहास तसे सांगत नाही. ही पद्धत जुनी आहे आणि मराठीत तर फारच जुनी. तिचा माग काढला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: नकाशा मजकुराला नुसते चित्र जोडतो तेव्हा वाचनात फारशी भर पडत नाही, मजकूर आणि जमीन यांच्यातले अंतर तो दाखवतो, तेव्हा वाचणाऱ्याला प्रश्न पडू लागतात.

मराठीतला पुरावा महानुभावांच्या वाङ्मयात आहे. चक्रधरस्वामींच्या मागे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पैठण, बेलापूर, डोमेग्राम, रिद्धपूर अशा गावांना धरून या लीळा येतात. लीळेचे स्मरण हा पंथाच्या साधनेचाच भाग असल्याने ती नेमकी कुठे घडली, हे जपणे महत्त्वाचे ठरले. त्यातून पुढे ‘स्थानपोथी’ तयार झाली. तिच्यात रेघांचा नकाशा नाही, शब्दांचा आहे. देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्वामी कुठे बसले, कुठे मुक्काम केला, हे सारे अलंकार टाळून, कोरड्या वाक्यांत नोंदवलेले आहे. आजच्या डिजिटल नकाशावरच्या खुणेलाही हेच लागते: ठिकाण, दिशा, घटना आणि मूळ मजकुराकडे नेणारा धागा. हा भक्तीचा ग्रंथ आहे, साहित्य शिकवण्याशी त्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. हेतू वेगळा आहे हे खरे. पण पोथी हातात घेऊन गावात आलेल्या माणसाला देऊळ पडलेले दिसते, वस्ती सरकलेली दिसते आणि लिहिलेले व समोर दिसणारे यांचा मेळ त्याचा त्यालाच घालावा लागतो. चिकित्सक वाचन याहून वेगळे काय असते? अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ या 2003 च्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या तीर्थांचा आणि यात्रांचा अभ्यास करून दाखवले, की ठिकाणे एकमेकांना जोडली जाताना प्रदेशाची कल्पनाही घडत जाते. सुट्या सुट्या लीळा वाचून हे ध्यानात येत नाही. ठिकाणे शेजारी मांडल्यावर येते.

विसाव्या शतकात हेच काम वर्गात होऊ लागले. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवत असताना जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’साठी डब्लिनचा नकाशा काढत आणि त्यावर ब्लूम व स्टीफन या पात्रांच्या कादंबरीतल्या एका दिवसाच्या वाटा आखून दाखवत. ‘अ‍ॅना कॅरेनिना’साठी त्यांनी आगगाडीच्या डब्याची आखणीही काढली होती. ‘युलिसिस’ची होमरच्या महाकाव्याशी प्रतीकांची जुळवाजुळव करण्यापेक्षा असे नकाशे करणे शिक्षकांच्या जास्त उपयोगाचे आहे, असे त्यांचे मत होते. इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती याहून पुढे गेले. त्यांचा युरोपीय कादंबरीचा अ‍ॅटलस 1997 मध्ये निघाला. त्यात शेरलॉक होम्सच्या कथांतले गुन्हे लंडनच्या नकाशावर मांडलेले आहेत. चार्ल्स बूथने 1889 पासून रस्त्यारस्त्यावरची गरिबी रंगांनी दाखवणारे लंडनचे नकाशे काढले होते. दोन्ही शेजारी ठेवले की विसंगती डोळ्यांत भरते. खरी हलाखी शहराच्या पूर्व भागात, ईस्ट एंडमध्ये एकवटलेली. होम्सचे गुन्हे मात्र बहुतांशी श्रीमंतांच्या वेस्ट एंडमध्ये आणि पेढ्यांच्या भागात. कथेतला गुन्हा हे कोडे असते, त्याला दाराआडची गुपिते लागतात. भुकेपोटी केलेल्या चोरीत कसले कोडे? हे उत्तर नकाशाने दिलेले नाही. त्याने फक्त प्रश्न समोर आणला आणि उत्तरासाठी वाचकाला कथांकडे परत जावे लागले.

संगणक आल्यावर हे काम मोठ्या प्रमाणावर करणे सोपे झाले. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सरोवरांच्या प्रदेशातली दोन जुनी प्रवासवर्णने डिजिटल नकाशावर एकत्र मांडली: थॉमस ग्रे यांची 1769 ची सफर आणि कोलरिज यांची 1802 ची पायपीट. प्रदेश एकच, पण ग्रे दऱ्याखोऱ्यांतून, रस्त्यारस्त्याने जातात, तर कोलरिज स्काफेलसारख्या डोंगरांवर चढतात. निसर्गाकडे पाहण्याची रीत तेहतीस वर्षांत किती बदलली, हे व्याख्यानात सांगता येतेच. वाटांच्या दोन रेघा समोर आल्या की विद्यार्थी ते स्वतः ताडून पाहू शकतो, एवढाच फरक. तो लहान नाही.

या पद्धतीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला, काल्पनिक गाव नकाशावर कुठे दाखवणार? मालगुडीला अक्षांश-रेखांश नाहीत, आणि शोधायचा अट्टहास केला तर कल्पनाशक्तीच मारली जाईल. पण मालगुडी कुठे बसवता येत नाही, हीच वर्गात बोलण्याजोगी गोष्ट आहे; लेखकाने खऱ्या शहरांच्या शेजारी खोटे गाव का वसवले असेल, हा उत्तम प्रश्न होऊ शकतो. दुसरा आक्षेप कालविपर्यासाचा. आज पैठणच्या वरच्या अंगाला उपग्रहचित्रात नाथसागराचे अफाट पाणी दिसते. ते 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचे. ‘लीळाचरित्रा’तली गोदावरी ती नव्हे. शिक्षकाने हे सांगितले नाही तर नकाशा चक्क दिशाभूल करील. सांगितले तर याच चित्रातून इतिहास शिकवता येईल. तिसरा आक्षेप वेळेचा. खुणा करण्यात, फोटो चिकटवण्यात तास संपतो आणि पुस्तक मिटलेलेच राहते. हा धोका सर्वांत खरा आहे आणि त्यावर यंत्राकडे उपाय नाही. प्रत्येक खुणेमागे मजकुरातले पान दाखवता आलेच पाहिजे, एवढी अट शिक्षकाने घातली तर तो बराच टळतो.

मराठीच्या वर्गात असा प्रयोग करायला विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’इतके सोयीचे पुस्तक क्वचितच सापडेल. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. पुस्तक 1907 मध्ये चिं. वि. वैद्य यांनी संपादित करून छापले. त्यातली वाट नकाशावर आखून कोणत्या मुक्कामाला किती पाने दिली आहेत ते मुलांना मोजू द्यावे. झाशीचे थोडे दिवस पानेच्या पाने व्यापतात, तर लांबलांबचे पल्ले थोडक्यात उरकतात. आठवण कुठे रेंगाळते आणि कुठे घाई करते, हे मुलांना त्यातून आपोआप कळेल. साधनांची अडचणही आता फारशी नाही. इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ 2009 पासून उपलब्ध आहे, आणि गूगल अर्थच्या खुणा ज्या केएमएल स्वरूपात साठवल्या जातात ते 2008 पासून खुले मानक असल्याने एकदा केलेले काम एकाच कंपनीच्या दावणीला बांधलेले राहत नाही. शिक्षकांनी एवढेच करावे: आधी पुस्तक वाचून घ्यावे, मग नकाशा उघडावा आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे थांबून मुलांना पुन्हा पुस्तक उघडायला सांगावे.